‘घर वाचवा’ पॅकेजची फाइल उघडून पाहिली तर

कर्जाचे तीन हप्ते थकले, बँकेचं पाकीट आलं, की थोड्याच दिवसांत मोबाइलवर जाहिराती सुरू होतात. ‘राहतं घर कुणी घेऊ शकत नाही, कायदाच आहे. दिवाळखोरी जाहीर करा, घर वाचवा.’ छत्रपती संभाजीनगरपासून उदगीर-देगलूरपर्यंत हा माल खपतो. नावं वेगळी, फाइल साधारण एकच: वकिलाच्या लेटरहेडवर बँकेला उत्तर, जप्तीवर हरकतीचा नमुना, बायकोच्या नावे बक्षीसपत्राचा मसुदा, ‘इन्सॉल्व्हन्सी’चा, म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज आणि शेवटी तडजोडीचं आश्वासन. पैसे तीन वाटांनी जातात: आधी नोंदणी, मग दरमहा फी, आणि तडजोड झालीच तर सुटलेल्या रकमेवर टक्केवारी.

मत आधीच सांगून टाकतो. हरकतीचा कागद कामाचा आहे, पण ज्याच्या कामाचा तो गिऱ्हाईक सहसा या दुकानात येत नाही. बक्षीसपत्र घातक आहे. आणि जे खरोखर लागतं ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात बहुतेकांना फुकट मिळतं.

‘राहतं घर सुरक्षित’ ही गोष्ट मुळात अमेरिकेतली. तिथल्या दिवाळखोरीत होमस्टेड एक्झम्प्शन नावाची सवलत खरोखर आहे. फ्लोरिडा आणि टेक्सासमध्ये तिला किमतीची मर्यादा नाही, जागेची आहे. फ्लोरिडात गावाच्या हद्दीत अर्धा एकर, बाहेर १६० एकर. राज्याऐवजी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातली सवलतींची यादी वापरली तर मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ३१,५७५ डॉलर. पण तिथंही वाचतो तो घरातला आपला हिस्सा, म्हणजे बाजारभावातून गृहकर्ज वजा जाता जे उरतं ते. गृहकर्जच थकलं तर बँक घर घेतेच. ऐन वेळी महाग घर घेऊन त्यात लपणाऱ्यांसाठी १,२१५ दिवसांची अटही आहे. मराठीत जाहिरात करताना सवलत तेवढी आणली, अटी विमानतळावरच राहिल्या.

आपल्याकडे दिवाळखोराच्या घरासाठी अशी सरसकट सवलत नाही. आहे ते दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ चं कलम ६०. हुकूमनाम्याच्या, म्हणजे कोर्टानं पैसे द्यायला सांगितलेल्या निकालाच्या वसुलीत काय जप्त करता येत नाही त्याची ती यादी: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, पोटापाण्याला लागणारी जनावरं आणि बियाणं. मग घर. घर, त्याखालची जागा आणि वापराला लागणारी लगतची जागा वाचते, पण तिघांचीच: शेतकरी, मजूर आणि घरगडी. तेही तो माणूस त्या घरात राहत असेल तर. शिक्षक, दुकानदार, कंत्राटदार, कारखान्यातला मॅनेजर यांचं घर हे कलम वाचवत नाही. (पंजाबात राज्य दुरुस्तीनं शेतकरी नसलेल्याचंही एक मुख्य राहतं घर वगळलंय; जाहिरातीत कधी कधी तिथलाच निवाडा दाखवतात. महाराष्ट्रात तो चालत नाही.) पॅकेज घेणारे बहुतेक पगारदार आणि व्यापारी. म्हणजे ज्यांना कलम लागू नाही त्यांनाच ते विकलं जातं.

शेतकरी कुणाला म्हणायचं हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात दिलंय, आणि मराठवाड्यात सगळा खेळ तिथं आहे. जमीन स्वतः कसणारा आणि मुख्यतः शेतीच्या उत्पन्नावर जगणारा तो शेतकरी. ‘स्वतः’मध्ये स्वतःचे कष्ट आले, घरच्यांचे आले, मजुरी देऊन लावलेल्या माणसांचेही आले, मजुरी रोख असो की धान्यात. मात्र पिकाचा वाटा देऊन कसून घेतलेली जमीन स्वतः कसलेली धरत नाहीत. म्हणजे सालगडी ठेवून शेती करणारा बसतो. रान बटईनं देऊन पुण्यात नोकरी करणारा सातबाराधारक बसत नाही. उलट बटईनं कसणारा बसू शकतो, कारण व्याख्येत मालकाबरोबर कूळ, भागीदार आणि शेतमजूरही आहेत.

मजुरात कुशल, अर्धकुशल, अकुशल तिन्ही येतात. केज-धारूरच्या ऊसतोड कामगारावर मुकादमानं उचलीचा हुकूमनामा घेतला आणि गावातल्या दोन खोल्यांवर जप्ती आणली, तर याच आधारावर हरकत घेता येते. कर्जाच्या बाँडवर ‘कलम ६० चा फायदा मागणार नाही’ असं लिहून घेतलेलं असलं तरी घाबरायचं कारण नाही. असा करार कायद्यानंच रद्दबातल आहे.

आता तो हरकतीचा कागद. पॅकेजमधला नमुना अर्ध्या पानाचा असतो: ‘मी शेतकरी आहे, सबब जप्ती उठवावी.’ एवढ्यावर जप्ती उठत नाही. शेतकरी असणं ही शाबीत करायची गोष्ट, आणि शाबीत करायचं ओझं हरकत घेणाऱ्यावर. अर्जासोबत निदान तीन वर्षांचे सातबारे लागतात, तेही पीक पाहणीच्या नोंदीसह. इथंच बरेच अर्ज पडतात: ई-पीक पाहणी भरलेलीच नसते आणि रकान्यात पीक नसतं, किंवा ‘पड’ लिहिलेलं असतं. रानात सोयाबीन उभं असलं तरी कोर्टापुढं पड. ही उणीव भरून काढायला आडतीच्या पट्ट्या, पीकविम्याच्या पावत्या, कारखान्याचं ऊसबिल जोडायचं. शेतीवरच मुख्य गुजराण आहे हे दाखवायला घरातल्या इतर उत्पन्नाचं खरं चित्र द्यायचं. मुलाचा पगार लपवला आणि समोरच्या वकिलानं उलटतपासणीत काढला तर उरलेलं खरंही खोटं ठरतं. घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, चतुःसीमा, वीजबिल, रेशनकार्ड. जप्तीच्या कागदावरचा मिळकत क्रमांक उताऱ्याशी ताडून घ्या. फेरआकारणीत क्रमांक बदललेले असतात आणि जप्ती जुन्या क्रमांकावर निघालेली असते. हा फरक अर्जात मांडला नाही तर पुढं भलत्याच भिंतीवर वाद घालत बसावं लागतं.

वेळ महत्त्वाची. दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीच्या अर्जात जप्ती झाली की लगेच, आणि फार तर आदेश २१ नियम ६६ ची, म्हणजे विक्रीच्या जाहीरनाम्याची नोटीस आल्यावर, हरकत निशाणीला लागली, म्हणजे कोर्टाच्या नोंदीवर आली पाहिजे. लिलाव होऊन गेल्यावर ‘मी शेतकरी’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, तेव्हा कुठं होतात? लिलावानंतर हाती उरतो तो मुख्यतः नियम ८९: जाहीरनाम्यातली देणं रक्कम आणि खरेदीदारासाठी विक्री किमतीच्या ५ टक्के, दोन्ही ६० दिवसांत कोर्टात भरायचे. ज्याच्याकडे एवढे पैसे असते त्याचं घर लिलावाला गेलंच नसतं.

यापुढं फाइलीतलं मोठं भगदाड: गहाण. जे घर तुम्हीच कर्जापोटी तारण दिलंय त्याला कलम ६० चा आसरा नाही, मग तुम्ही नांगर धरणारे शेतकरी का असेना. गृहकर्ज, मॉर्गेज लोन, दुकानाच्या कॅश क्रेडिटला दिलेलं घर हे सगळं यात आलं. इथं बँक दिवाणी कोर्टात न जाता २००२ च्या सरफेसी कायद्यानं येते. सहकारी बँकाही येऊ शकतात, हे सुप्रीम कोर्टानं ५ मे २०२० ला स्पष्ट केलं. पॅकेजचं खरं मोजमाप इथंच करावं लागतं.

खातं ९० दिवस थकलं की एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबात अनुत्पादक. मग कलम १३(२) ची नोटीस, ६० दिवसांची. या ६० दिवसांत लेखी म्हणणं दिलं तर बँकेनं १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. पॅकेजचं उत्तर बहुधा सगळ्यांना एकच जातं: ‘रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक तत्त्वांचा भंग’ पाच वेळा आणि कर्जदाराचा खाते क्रमांक एकदा, तोही कधी चुकीचा. कामाच्या उत्तरात चार गोष्टी हव्यात. खात्याचा पूर्ण उतारा मागायचा. एनपीएची तारीख कशी काढली ते विचारायचं, कारण मधे भरलेली रक्कम आधी दंडात वळवून हप्ता थकीत दाखवलेला असू शकतो. दंडावर व्याज लावलंय का ते दाखवायचं. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानं दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून तिच्यावर व्याज घ्यायला मनाई केलीय. आणि भरण्याचा ठोस प्रस्ताव, तारखा आणि रकमांसह. शेवटचा मुद्दा लोक लाजेपोटी टाळतात. पुढं न्यायाधिकरणात कर्जदाराची नियत दिसते ती याच कागदावर.

६० दिवस संपले की १३(४). दारावर ताब्याची नोटीस चिकटते आणि दोन वर्तमानपत्रांत छापून येते. गावात नाव खराब झालं या धक्क्यात घरचे आठ-दहा दिवस गप्प बसतात, आणि ४५ दिवसांचं घड्याळ चालू झालेलं असतं. कलम १७ चा अर्ज याच ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात करायचा. ते छत्रपती संभाजीनगरलाच आहे, मुंबईला जावं लागत नाही. कर्जदाराची फी ठरलेली: देणं १० लाखांच्या आत असेल तर दर लाखाला ५०० रुपये, वर असेल तर ५,००० अधिक वरच्या दर लाखाला २५०. १८ लाखांच्या देण्याला ७,००० रुपये. पॅकेजवाला ‘कोर्ट फी’ म्हणून याहून कितीतरी जास्त मागत असेल तर चलन बघायला मागा.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. तिथं कर्जदाराची सुनावणी नसते, त्यामुळे ‘कलेक्टर ऑफिसात स्टे आणतो’ म्हणणाऱ्याला तिथूनच परत पाठवावं. त्यानंतर विक्रीची ३० दिवसांची नोटीस. आणि एक तारीख सगळ्यांच्या नजरेतून सुटते: पूर्ण देणं भरून घर सोडवायचा हक्क लिलावाच्या दिवसापर्यंत नसतो, विक्रीची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच असतो. २०१६ च्या दुरुस्तीचा हाच अर्थ सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये कायम केला. लिलावाच्या आदल्या दिवशी सोनं मोडून बँकेत गेलेला माणूस मॅनेजरच्या दयेवर असतो.

शेतजमीन सरफेसीतून वगळलीय. यावरून शहराभोवतीच्या गुंठेवारीत एक युक्ती विकली जाते: सातबारावर अजून शेत आहे ना, मग बँक घर घेऊ शकत नाही. नुसत्या महसुली नोंदीवर हे टिकत नाही. जमिनीवर प्रत्यक्ष शेती होते का, हे बघतात. संभाजीनगरच्या सातारा परिसरातल्या कॉलनीतलं दोन मजली घर दाखवून ‘ही शेतजमीन’ म्हणणं न्यायाधीशाला हसायला लावणं आहे.

पतसंस्थेचं कर्ज वेगळं. तिला सरफेसी नाही. ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली सहायक निबंधकाकडून वसुली दाखला घेते आणि मग विशेष वसुली अधिकारी नियम १०७ नं जप्ती आणतो. इथं पॅकेज सगळ्यात निरुपयोगी, कारण त्यांना ही वाटच माहीत नसते. स्वस्तात लढता येतं ते एकाच ठिकाणी: दाखल्याआधीच्या सुनावणीत. तिथं खातेउतारा मागा, ठरलेला आणि लावलेला व्याजदर समोरासमोर मांडा, जामीनदार असाल तर जामिनाची मर्यादा दाखवा. ‘निबंधकाचीच नोटीस आहे, बघू नंतर’ म्हणून जे जात नाहीत त्यांना नंतर दाखल्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करायला वसुलीच्या ५० टक्के रक्कम आधी संस्थेत भरावी लागते. मुदत दोन महिने.

‘इन्सॉल्व्हन्सी’चा अर्ज हा फाइलीतला सगळ्यात देखणा कागद. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचं व्यक्तींसाठीचं प्रकरण अजून सर्वांना लागू झालेलं नाही. १ डिसेंबर २०१९ पासून ते फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना लागू आहे. म्हणजे वाळूजचा कारखानदार किंवा जालन्याचा रोलिंग मिलवाला, ज्यानं कंपनीच्या कर्जावर स्वतःची सही दिली. त्याच्यासाठी मात्र घराची सवलत खरोखर लिहिलेली आहे: एकच, बोजा नसलेलं राहतं घर, शहरात २० लाखांपर्यंत, ग्रामीण भागात १० लाखांपर्यंत. सोबत एक लाखापर्यंतचे दागिने. सिडकोतला जुना फ्लॅटसुद्धा आता या आकड्यात बसणं कठीण. प्रकरण चालतं राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, आणि न्यायाधिकरणानं अर्ज दाखल करून घेतला की कर्जाच्या कारवाया तात्पुरत्या थांबतात, हा खरा फायदा. वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड, पतसंस्था असलेल्या साध्या माणसाला हा अर्ज विकणं म्हणजे बैलाला विमानाचं तिकीट.

बक्षीसपत्राबद्दल आवाज चढवूनच बोलावं लागतं. राहतं घर बायको-मुलांच्या नावे करायला मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपयेच, म्हणून मोह होतो. पण नोटीस आल्यावर केलेलं बक्षीसपत्र धनकोला बुडवण्यासाठी होतं, असा दावा मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली होतो, आणि तारखाच साक्ष देतात: नोटीस आधी, दस्त नंतर. तारण घर असेल तर बोजा घराबरोबर जातो, नाव कुणाचंही असो. हमीदाराच्या दिवाळखोरीत तर अर्जाच्या मागची दोन वर्षं उकरतात. आणि एकदा असा दस्त दिसला की त्या माणसाच्या बाकीच्या खऱ्या हरकतींकडंही कुणी विश्वासानं बघत नाही.

फाइलीत नसलेली गोष्ट म्हणजे सावकार. पैसे उसने दिले आणि हमी म्हणून घराचं किंवा रानाचं खरेदीखत करून घेतलं, हा इकडचा जुना प्रकार. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ च्या कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधकाकडे साधा अर्ज करता येतो. मागच्या १५ वर्षांतल्या व्यवहारात विनापरवाना सावकारीतून मिळकत गेली असं चौकशीत निघालं तर ती परत करण्याचा आदेश होऊ शकतो. परवानाधारकालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, आणि दर बांधलेले आहेत: शेतीकर्जाला तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२, बिगरशेतीला १५ आणि १८. पुरावा म्हणून फोनपेच्या नोंदी, वहीतली पानं, आणि सगळ्यात बोलका म्हणजे ताबा: खरेदीखत होऊन सहा वर्षं झाली तरी रानात पीक तुमचंच, घरात वीजबिल तुमच्याच नावे. असा व्यवहार असलेल्यानं पॅकेजवर एक रुपया घालू नये, थेट उपनिबंधक कार्यालय गाठावं.

आता फुकटचं टेबल: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. प्रत्येक जिल्हा न्यायालयात, आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असावं लागतं. कर्जात बायको सहकर्जदार असेल, आणि गृहकर्जात ती बहुधा असतेच, तर अर्ज तिच्या नावानं करा. आधी बोलून घ्यायचं तर १५१०० वर फोन. जाताना नोटिशीचं पाकीटसुद्धा न्या, फाडून टाकू नका. नोटीस कधी आली हे टपालाच्या शिक्क्यावरून दाखवता येतं. उणीव अशी की पॅनेलवरचे वकील दिवाणी-फौजदारीत मुरलेले असतात, सरफेसीचं काम केलेले कमी. म्हणून अर्जातच लिहा की प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणातलं आहे. नेमलेला वकील तारखेला येत नसेल तर बदलून मागायचा अर्ज लेखी द्या, तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही.

लोकअदालतीत तडजोड चांगली होते, पण निवाड्यावर अपील नाही आणि तो हुकूमनाम्यासारखा वसूल होतो. सही करण्याआधी एकच ओळ शोधा: ‘एक हप्ता चुकल्यास सूट रद्द, पूर्ण रक्कम देय.’ ती असेल तर हप्त्याच्या तारखा सोयाबीन-कापूस विकायच्या महिन्यांत मागून घ्या. १ तारीख पगारदाराची असते.

तडजोडीसाठी मध्यस्थ लागत नाही. शाखेत एकरकमी परतफेडीचा अर्ज स्वतः देता येतो. मंजूर करणं बँकेच्या धोरणावर आहे, हक्क म्हणून मागता येत नाही, मग टक्केवारी घेणारा तो कुठून आणणार? मंजुरीचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे भरू नका, आणि भराल ते कर्जखात्यातच. पॅकेजवाल्याच्या ‘एस्क्रो’ नावाच्या राखीव खात्यात टाकलेला हप्ता बँकेच्या लेखी भरलेलाच नसतो. सिबिलवर ‘सेटल्ड’ असं राहतं, ते आधीच गृहीत धरा. पैसे फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात. १ डिसेंबर २०२३ पासून बँकेकडून उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. कागद घेतानाच बोजा कमी करण्याचं पत्र दोन प्रतींत मागा: एक ग्रामपंचायतीच्या नमुना ८ साठी, एक सातबाराच्या इतर हक्कांसाठी. कर्ज फिटलेल्या घरावर पंधरा वर्षांनी वाटणीच्या वेळी जुना बोजा निघतो तेव्हा ती शाखा विलीन झालेली असते आणि पत्र देणारा कुणी उरलेला नसतो.